डॉलर घरी आले का? परदेशी कंपनीच्या कामाचा मोबदला आणि आपला करकायदा

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, ‘मी पुण्यात घरी बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम करतो. नोकरी नाही, कॉन्ट्रॅक्ट आहे. पैसे डॉलरमध्ये येतात. बाहेरून आलेल्या पैशाला इन्कम टॅक्स नसतो ना?’ सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र वाटलं, हसायला नको होतं. कारण हा समज त्याच्या डोक्यात आकाशातून पडलेला नाही. त्याच्या वडिलांच्या पिढीसाठी तो बऱ्याच अंशी खरा होता, आणि तो खरा करण्यासाठी सरकारने कायद्यात कलमं घातली होती.

आजचं उत्तर आधी देऊन टाकू, म्हणजे कुणी अर्ध्यावर उठून गेलं तरी नुकसान नको. भारतात राहणाऱ्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. डॉलर असो, युरो असो, कर लागतो. मग हा समज कुठून आला? आजचं व्याख्यान त्याबद्दल आहे. आणि ते बघताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती अशी, की गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्या भारतीयाला आपल्या कायद्याने जे काही दिलं, सवलत म्हणा, माफी म्हणा, ते देताना एक अट जवळजवळ प्रत्येक वेळी घातली. तू काम किती केलंस, कसं केलंस, हे नंतर बघू. डॉलर घरी आले का ते आधी सांग.

अट समजायला हवी असेल तर १९७३ सालात जावं लागेल. त्या साली परकी चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, नव्याने झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. देशाकडे परकी चलन नव्हतं, आणि तेलाच्या किमती नुकत्याच भडकल्या होत्या. या कायद्याखाली परकी चलन हे कमावणाऱ्याचं नव्हतंच मुळी, ते देशाचं. निर्यातदाराने माल पाठवला की ठरलेल्या मुदतीत, साधारण सहा महिन्यांत, त्याची पूर्ण किंमत अधिकृत बँकेतून देशात आणायची. आणली नाही तर तो गुन्हा, दिवाणी नव्हे, फौजदारी. आणि आपला हेतू वाईट नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९७४ मध्ये, ‘कोफेपोसा’ आला; त्याखाली तर खटला न चालवताही स्थानबद्ध करता येई. मुंबईच्या सोने तस्करांसाठी हा कायदा होता हे खरं, पण परकी चलनाच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याची भीती असायची.

आता हा कायदा डोळ्यांसमोर माल ठेवून लिहिलेला. कापसाची गासडी गोदीतून निघते, कस्टमवाला ती मोजतो, जीआर फॉर्मवर किंमत लिहितो, फॉर्मची प्रत रिझर्व्ह बँकेकडे जाते, आणि सहा महिन्यांनी बँक विचारते, पैसे आले का? गासडी दिसते म्हणून हे जमतं. पण समजा तुम्ही पाठवलीत ती गासडी नव्हे, तर डोक्यातलं काम?

हा प्रश्न त्याच सुमारास मुंबईत आणि पुण्यात उभा राहिला. १९७२ च्या आसपास नरेंद्र पटणी यांनी अमेरिकेत केंब्रिजला ‘डेटा कन्व्हर्जन’ नावाची कंपनी काढली. तिकडची कागदपत्रं पुण्यात यायची, इथे यंत्रावर टाइप होऊन कागदी टेपवर भोकं पडायची, आणि ती टेप विमानाने परत जायची. पुण्यात बसून अमेरिकन गिऱ्हाइकाचं काम करणारा आमचा तो तरुण श्रोता काही पहिला नव्हे, हे त्याला सांगायला हवं. दुसरीकडे मुंबईत फकीरचंद कोहलींच्या हाताखाली टाटा कन्सल्टन्सीने १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम सुरू केलं. एका प्रकारच्या बरोज यंत्रावर चालणारी रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर चालेल अशी करून द्यायची होती. बरोजचं यंत्र अजून हातात नव्हतं, म्हणून ते काम त्यांनी जवळ असलेल्या आयसीएल १९०३ या वेगळ्याच यंत्रावर केलं. यंत्र आणायचं तर आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर, आणि शिवाय हमी द्यायची, की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करू. सरकारची नजर इथेही तिथेच. यंत्रासाठी एक डॉलर गेला, तर दोन परत आले पाहिजेत.

अंधेरीचं ‘सीप्झ’ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं. कुंपणाच्या आत शुल्क नाही आणि सगळा माल बाहेर, असा मामला. पुढे टाटा बरोज तिथे गेली. कुंपणाचा उपयोग कळतो ना? न दिसणारं काम निदान एका दिसणाऱ्या कुंपणात बसवलं, म्हणजे कस्टमला फाटकावर उभं राहता येतं. टेप बाहेर जाताना त्या टेपची किंमत काय लिहायची, कोऱ्या टेपची की आतल्या कामाची, हा घोळ होताच. शेवटी किंमत ठरायची ती करारावरून आणि येणाऱ्या पैशावरून.

हे मोठ्या कंपन्यांचं झालं. ज्यांच्याकडे यंत्र घ्यायची ऐपत नव्हती त्यांनी काय केलं? माणसंच पाठवली. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली, भांडवल दहा हजार रुपये. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. नारायण मूर्ती इथे राहिले आणि बाकीचे तिकडे गेले. स्वतःचं यंत्र नाही, टेलिफोनसाठी वर्ष-वर्ष थांबायचं, परदेशी जायचं तर खर्चाच्या डॉलरसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी. त्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसून त्याच्याच यंत्रावर काम करणं सोपं. पुढे याला ‘बॉडी शॉपिंग’ असं कुचेष्टेचं नाव पडलं. नाव कुचेष्टेचं असलं तरी कारण साधं होतं: परवाने मिळवण्यापेक्षा विमानाचं तिकीट मिळवणं जमण्यासारखं होतं.

आता करांकडे वळू, कारण आपल्या तरुणाच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ८०-ओ नावाचं कलम आलं. परदेशी कंपनीला तुम्ही तांत्रिक ज्ञान, माहिती, सेवा दिलीत आणि त्याबद्दल रॉयल्टी, कमिशन, फी मिळाली, तर त्या उत्पन्नातून मोठी वजावट. अट काय? पैसे परिवर्तनीय परकी चलनात भारतात आले पाहिजेत. १९७५ मध्ये ८०-आरआरए आलं. ते व्यक्तीसाठी: परदेशी जाऊन तंत्रज्ञ म्हणून परदेशी मालकाकडे काम केलंत तर मिळालेल्या मोबदल्यातून वजावट, आधी निम्म्याची. पुढे सरकारने हिशेबच बदलला. जेवढा मोबदला भारतात आणाल तेवढ्याच्या पंचाहत्तर टक्के. म्हणजे तिकडे ठेवलेल्या डॉलरला सवलत नाही, इकडे आणलेल्याला आहे. करकायदा आणि फेरा, दोघांचं बोट एकाच दिशेला.

या कलमावरून एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. ८०-आरआरएमध्ये ‘एम्प्लॉयर’ हा शब्द होता. मग जो नोकर नाही, सल्लागार आहे, कराराने काम करतो, त्याला सवलत मिळणार का? खात्याचं म्हणणं, नाही. मालक-नोकर नातं हवं. हा वाद घातला होता उद्योगपती आदित्य बिर्ला यांनी. ते एका परदेशी कंपनीचे सल्लागार होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. काम देणं-घेणं हे पगारी नोकरीपुरतंच नसतं, करारावर नेमलेला सल्लागारही त्यात येतो, असा त्याचा आशय. इतक्या मोठ्या माणसाने लढलेला खटला छोट्या सल्लागारांच्या कामी आला, हाही योगायोगच.

दुसरा खटला आम्हाला याहून आवडतो, आणि त्यावर थोडा जास्त वेळ घेतो. मुंबईची जे.बी. बोडा ही पुनर्विमा दलाल कंपनी. भारतातल्या विमा कंपन्या आपली जोखीम लंडनसारख्या ठिकाणच्या पुनर्विमा कंपन्यांकडे देतात, दलाल मध्ये असतो, आणि त्याचं कमिशन परदेशी पुनर्विमा कंपनी देते. आता पैसा कसा फिरतो बघा. हप्ता भारतातून परदेशी जायचा. कमिशन परदेशातून भारतात यायचं. मग दोन्ही बाजूंनी पैसे कशाला पाठवायचे? बोडा आपलं कमिशन वजा करून उरलेला हप्ता रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने डॉलरमध्ये पाठवत. कर खात्याने प्रत्यक्ष कर मंडळामार्फत प्रश्न काढला: तुमचं कमिशन परकी चलनात ‘आलं’ कुठे? ते तर इथून गेलंच नाही! ८०-ओ ची अट पुरी झाली नाही, सवलत नाही.

मजा आहे की नाही? काम खरं, गिऱ्हाईक परदेशी, देशाचे तेवढे डॉलर वाचले हेही खरं. पण डॉलरने सीमा ओलांडली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोडांच्या बाजूने निकाल दिला. आधी सगळे डॉलर पाठवा आणि मग त्यातलेच थोडे परत मागवा, हा नुसता रिकामा विधी झाला, असं न्यायालयाचं म्हणणं. पण निकालात आणखी एक गोष्ट आहे ती लोक विसरतात. बोडांकडे रिझर्व्ह बँकेकडे गेलेली विवरणं होती. किती हप्ता, किती कमिशन, किती रक्कम पाठवली, सगळं कागदावर. डॉलर आला नाही तरी डॉलरचा कागद होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

१९९१. हे वर्ष या मालिकेत इतक्यांदा आलंय की आम्ही फक्त आपल्यापुरतं सांगतो. जुलैच्या पहिल्या आणि तिसऱ्या तारखेला दोन पायऱ्यांत रुपया उतरवला. त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पातून सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावर वजावट देणारं ८०-एचएचई आलं. त्याच्या महिनाभर आधी, जूनमध्ये, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था नोंदली गेली. १९९० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या तीन पार्कांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं. उपग्रहाची लाइन आली, म्हणजे टेप घेऊन विमानतळावर जायचं कारण संपलं. आणि तिथे कस्टमवाल्याचं कामही संपलं, कारण तारेतून जाणाऱ्या कामाला फाटक नसतं. मग जीआर फॉर्मच्या जागी ‘सॉफ्टेक्स’ फॉर्म आला. कराराची आणि बिलाची किंमत पार्कचा अधिकारी प्रमाणित करणार आणि पैसे आल्याचं बँक सांगणार. काम अदृश्य झालं तसतसं बँकेच्या कागदाचं वजन वाढत गेलं.

मार्च १९९२ पासून वर्षभर एक विलक्षण पद्धत होती, आणि तिचा कर म्हणून कुणी उल्लेख करत नाही. परदेशातून आलेल्या रकमेपैकी चाळीस टक्के सरकारी दराने रिझर्व्ह बँकेला द्यायचे, उरलेले साठ टक्के बाजारभावाने विकायचे. सरकारी दर साधारण सव्वीस रुपये, बाजाराचा तीसच्या आसपास. म्हणजे हजार डॉलरचं बिल असेल तर चारशे डॉलरवर प्रत्येकी चार रुपये, मिळून सोळाशे रुपये तुमच्या हातून गेले. पावती नाही, विवरणपत्र नाही, पण गेले. सरकारला त्या स्वस्त डॉलरमधून तेल आणि खतं आणायची होती. मार्च १९९३ मध्ये दर एक झाला आणि हा प्रकार संपला. आणि १९९२ च्याच सुमारास निर्यातदाराला काही डॉलर डॉलरच म्हणून खात्यात ठेवायची मुभा देणारं ईईएफसी खातं आलं. १९७४ च्या मानाने ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज त्या खात्यातले डॉलर पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावे लागतात म्हणून कुरकुरणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

पार्कातल्या युनिटना कलम १०-ए खाली करमाफी मिळाली. २००० मध्ये या कलमाची फेरमांडणी झाली, दहा वर्षांची माफी. ती ३१ मार्च २०११ ला संपली. ८०-ओ, ८०-आरआरए, ८०-एचएचई ही कलमं त्याआधीच, २००१ ते २००५ च्या दरम्यान, टप्प्याटप्प्याने विझवली गेली. तर मंडळी, हा आहे त्या समजाचा उगम. ज्यांच्या घरात या काळात कुणी संगणकाचं काम करत होतं, त्यांनी ‘बाहेरच्या पैशाला टॅक्स नाही’ हे वाक्य खरंखुरं ऐकलेलं आहे. कलमं गेली, वाक्य राहिलं.

इथे जरा सीमेपलीकडे डोकावू. अमेरिका असा माणूस कसा बघते? तिचा प्रश्न वेगळा: काम करताना तू कुठे बसला होतास? सेवा ज्या देशात बसून दिली तिथलं ते उत्पन्न. पुण्यात बसून केलेलं काम अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी उत्पन्न, म्हणून तिथे तीस टक्के कापले जात नाहीत; त्यासाठी तो ‘डब्ल्यू-८बेन’ फॉर्म भरून द्यायचा. विमानात बसून तिकडे गेलात की मात्र सगळं बदलतं. तिकडे पगारावर गेलेल्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापले जातात. ते हक्काने मिळायला साधारण दहा वर्षांची कपात लागते, आणि व्हिसा तर सहा वर्षांचा. भारताने २००६ मध्ये बेल्जियमशी पहिला सामाजिक सुरक्षा करार केला, पुढे इतर काही देशांशीही केले. अमेरिकेशी झालेला नाही. आपल्या किती अभियंत्यांचे किती पैसे तिकडे असेच राहिले, याचा विचार केला की बॉडी शॉपिंगचा हिशेब पुरा होतो. ब्रिटनचा प्रश्न तिसराच. एप्रिल २००० पासून तिथे आयआर-३५ नियम आहे: कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टर म्हणवतोस, पण खरं तर नोकरच आहेस का? अमेरिकेनेही १९८६ च्या करसुधारणेत कलम १७०६ घालून एजन्सीमार्फत काम करणाऱ्या प्रोग्रामरांना ‘स्वतंत्र’ म्हणवून घेणं अवघड केलं होतं.

परत घरी. १ जून २००० ला फेरा जाऊन फेमा आला. गुन्हा जाऊन दंड आला. आणि याच दशकात एकटा माणूस पुन्हा रंगमंचावर आला. घरी इंटरनेट, ऑनलाइन काम देणारी संकेतस्थळं, शंभर-दोनशे डॉलरची कामं. मोठ्या कंपनीकडे सॉफ्टेक्स भरायला माणूस असतो, बँकेत ओळख असते. याच्याकडे पेपाल होतं. आणि इथे रिझर्व्ह बँक आणि तो समोरासमोर आले. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपालवरून भारतात वैयक्तिक रक्कम येणं थांबलं. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: अशा ऑनलाइन मार्गाने निर्यातीचे पैसे यायला हरकत नाही, पण एका व्यवहाराला पाचशे डॉलरची मर्यादा, आणि पैसे तिकडच्या वॉलेटमध्ये पडून राहता कामा नयेत, बँकेत आले पाहिजेत. मार्च २०११ पासून हे लागू झालं तेव्हा अनेकांनी दोन हजारांचं बिल चार तुकड्यांत पाठवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये मर्यादा तीन हजार, २०१३ मध्ये दहा हजार डॉलर झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने या मध्यस्थांसाठी नवी चौकट आणली, मर्यादा पंचवीस लाख रुपये. रिझर्व्ह बँक चुकीची होती असं आम्ही म्हणणार नाही. वॉलेटमध्ये साठलेला डॉलर तिला दिसत नव्हता. पण मर्यादेचा काच बसला तो सगळ्यात छोट्या माणसाला.

आता अप्रत्यक्ष कर, कारण जुनी अट आज तिथे राहते. सेवाकर १९९४ मध्ये तीन सेवांवर पाच टक्के असा सुरू झाला. १९९९ मध्ये परकी चलनात पैसे मिळत असतील तर माफी दिली. १ मार्च २००३ ला ती काढून घेतली, आणि नोव्हेंबरात परत दिली. मधले आठ-नऊ महिने सल्लागार मंडळींची झोप उडाली होती. २००५ मध्ये सेवानिर्यातीचे नियम झाले, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. त्यात सेवेची निर्यात ‘झिरो रेटेड’. पण निर्यात कशाला म्हणायचं? देणारा भारतात, घेणारा बाहेर, सेवेचं स्थळ बाहेर, दोघं एकाच संस्थेची दोन दुकानं नसावीत, आणि पैसे परिवर्तनीय परकी चलनात. २०१९ पासून रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयेही चालतात. सुरुवातीच्या महिन्यांत तर एक डॉलरचं काम करणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची होते की काय अशी स्थिती होती. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने वीस लाखांखालच्या सेवावाल्यांना त्यातून सोडवलं. आणि जो स्वतः काम करत नाही, परदेशी कंपनीला नुसती गिऱ्हाइकं मिळवून देतो, त्या मध्यस्थाला निर्यातदार मानायचंच नाही असं एक कलम होतं. मुंबई उच्च न्यायालयात २०२१ मध्ये त्यावर दोन न्यायमूर्तींची मतं दोन झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ते कलम काढून टाकण्याची शिफारस केली.

या सगळ्यात आमच्या मते सगळ्यात बोचरा नियम कुठला, तर जीएसटीचा नियम ९६-ए. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही एलयूटी, म्हणजे हमीपत्र देता, की मी निर्यात करतोय, कर न भरता बिल करतो. ठीक. पण बिलाच्या तारखेपासून एक वर्ष किंवा फेमाने दिलेली मुदत, यांतलं जे नंतर संपेल तोवर पैसे आले नाहीत, आणि आयुक्तांनीही मुदत वाढवून दिली नसेल, तर त्यानंतर पंधरा दिवसांत तो कर व्याजासकट भरायचा. आता समजा सांगलीतल्या एखाद्या डिझायनरने परदेशी कंपनीला दहा हजार डॉलरचं काम करून दिलं, आणि कंपनी बुडाली, किंवा नुसतीच गप्प बसली. काम गेलं, पैसे गेले, आणि वर अठरा टक्के सरकारला देणं. तिने फसवलं नाही, ती फसली आहे. १९७४ चं तर्कशास्त्र असं होतं, की पैसे आले नाहीत म्हणजे निर्यातदारानेच ते तिकडे लपवले असणार. त्या काळात बिल कमी दाखवून डॉलर बाहेर ठेवणारे होतेच. संशय जुना झाला, माणसं बदलली, नियमाची नजर तीच राहिली. फेमाखाली निर्यातीचे पैसे आणायची मुदत मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली. म्हणजे जीएसटीची मुदतही तिच्याबरोबर लांबते.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. ज्या परदेशी कंपनीचं इथे काही नाही ती सहसा टीडीएस कापत नाही, त्यामुळे खात्यात आलेली रक्कम भरलेली वाटते आणि आगाऊ कर आपणच भरायचा असतो हे लोक विसरतात. २०१६ मध्ये ४४-एडीए आलं: ठरावीक व्यवसायांत, आयटीसकट, एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा, हिशेबाच्या वह्या नकोत. मर्यादा पन्नास लाख, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाख. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुनं पुस्तक हातात धरून भांडू नका. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या करमाफीच्या जागी एकट्या माणसाला मिळालेली ही बहुधा एकमेव गोष्ट, आणि ती परकी चलनाची अट घालत नाही. देशी गिऱ्हाईक असलं तरी चालते.

कागदाबद्दल राहिलं. बँक पूर्वी एफआयआरसी नावाचा एक जाड, शिक्क्याचा कागद द्यायची. परदेशातून अमुक रक्कम आल्याचं प्रमाणपत्र. लोक तो शाळेच्या दाखल्यासारखा प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवत. २०१६ पासून नेहमीच्या निर्यातीसाठी तो बंद होत गेला. आता संगणकातली नोंद, आणि तिच्यावर हेतूचा सांकेतिक आकडा. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२. बँकेत कुणी चुकून ‘कुटुंबाचा निर्वाह’ असा आकडा टाकला तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही काम केलंच नाहीत, मामाने पैसे पाठवले. आणि कराच्या नियमांत परकी उत्पन्नाचा दर अजून स्टेट बँकेचा ‘टेलिग्राफिक ट्रान्सफर बायिंग रेट’ म्हणून लिहिलेला असतो. तारखातं २०१३ च्या जुलैत बंद झालं.

तो तरुण श्रोता गेल्या आठवड्यात भेटला. वीस लाखांच्या वर गेल्यामुळे जीएसटीची नोंदणी केली आहे, एलयूटी दिलं आहे. चौदा बिलांची यादी घेऊन आला होता. अकरा बँकेतून, आकड्यासकट. उरलेल्या तिघांचे पैसे, कंपनीला घाई होती म्हणून, दुबईतल्या मित्राच्या खात्यात गेले आणि मित्राच्या भावाने पुण्यात रुपये दिले. ‘रक्कम तीच आहे हो,’ तो म्हणाला. आम्ही त्याला बोडांचा निकाल दिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, निकाल आपल्या बाजूचा आहे म्हणून खुशीत होता. त्याला सांगावं लागलं, की बोडांकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी आणि विवरणं होती. त्याच्याकडे मित्राचा व्हॉट्सॲप मेसेज आहे.